पंच क्रमांक एक

माझे वडील पंच होते. गावकीतले नव्हेत आणि क्रिकेटचे तर नव्हेतच. पोलिसांचे. कुठे चोरीचा माल सापडला, कुणाच्या घराची झडती झाली, की पोलीस एक कागद करतात, पंचनामा. त्याखाली दोन तिऱ्हाईत माणसांच्या सह्या लागतात, की हो बाबा, हे आमच्या डोळ्यांदेखत झालं. ती दोन माणसं म्हणजे पंच. पण रस्त्याने चाललेला कोण शहाणा पोलिसांनी हाक मारली म्हणून थांबतो? लोक वाट बदलतात. नानांना वाट बदलता येत नव्हती, कारण त्यांचं इस्त्रीचं दुकान चौकीच्या भिंतीला भिंत लावून होतं. नाशकातली कुठली चौकी ते मी सांगणार नाही. इतक्या वर्षांनीही हात आखडतो.

चौकीतले सगळे खाकी कपडे आमच्याकडे यायचे. कडक खळ, पँटीला सुरीसारखी घडी, ही नानांची ख्याती. त्या कपड्यांवर आमचं घर चालायचं आणि त्या कपड्यांपायी नानांना नाही म्हणता यायचं नाही. हवालदार दुकानाच्या फळीशी यायचा, कागद असा दुमडायचा की फक्त सहीची जागा दिसावी, आणि म्हणायचा, "इथं कर." नाना कोळशाची इस्त्री तिवईवर ठेवायचे, बोट धोतराला पुसायचे, सही करायचे आणि खाली लिहायचे, पंच क्र. १. मग पुन्हा इस्त्री उचलायचे. इस्त्री गार व्हायच्या आत काम संपायचं.

कागदाच्या शेवटी एक ठरलेलं वाक्य असायचं: मजकूर वाचून पाहिला, तो खरा व बरोबर आहे. नानांनी एकही कागद वाचला नव्हता. सातवी शिकलेले होते, वाचता छान यायचं, पण "आपल्याला काय करायचंय वाचून? ते लिहितात ते बरोबरच असंल," असं म्हणायचे. आई म्हणायची, "पाचामुखी परमेश्वर म्हणतात. तुमच्या एका तोंडी तर मुंगी पण बोलत नाही." नाना हसायचे. मला हसू यायचं नाही. भिंतीपलीकडून कधीकधी आवाज यायचे, पट्ट्याचे आणि माणसाचे, आणि तसे आवाज आले की नाना कपड्यांवर पाणी जरा जास्तच जोरात शिंपडायचे. मी दप्तर छातीशी धरून बसायची. चौकीची भीती मला बाराखडीबरोबरच शिकवली गेली म्हणा ना.

मी आठवीत होते तेव्हाची गोष्ट. आमच्या बाजूला एक रिक्षावाला राहायचा. शांत माणूस, शाळेच्या पोरींना सोडायचा. एका बंगल्यातल्या चांदीच्या समया चोरीला गेल्या आणि त्या म्हणे त्याच्या रिक्षाच्या सीटखाली सापडल्या. कुणासमोर सापडल्या? पंच क्रमांक एकसमोर. आता हे मी छातीवर हात ठेवून सांगते: त्या दुपारी पंच क्रमांक एक लग्नाच्या बस्त्याचे शर्ट करत होते आणि मी फळीखाली बसून भूगोलाचे नकाशे रंगवत होते. आम्ही दोघं दुकानातून हललो नव्हतो. कागद आला, दुमडलेला. नानांनी सही केली.

पुढे कोर्टात तारीख लागली. नाना पिंजऱ्यात उभे राहून शपथेवर म्हणाले, हो, माझ्यासमोर सापडल्या. घरी आल्यावर त्यांनी भाकरी कुस्करली आणि तशीच ठेवली. रिक्षावाल्याला शिक्षा झाली. त्याने समया चोरल्या होत्या की नव्हत्या, मला आजही ठाऊक नाही. नाना तिथे नव्हते, एवढंच मला ठाऊक आहे.

निकालानंतर त्याची बायको दुकानापुढे येऊन उभी राहिली. मला वाटलं आता ही शिव्या देईल, दगड मारेल. तिने फक्त विचारलं, "भाऊ, तुम्ही होता का तिथं? खरं सांगा, मी कुणाला बोलायची नाय." नानांनी मान वर केली नाही. ते एकाच बाहीवरून इस्त्री फिरवत राहिले, फिरवत राहिले, आणि बाहीवर तपकिरी डाग उमटला. त्यांच्या हातून कापड जळलेलं मी त्या एकदाच पाहिलं. मग ती गेली. थोड्या दिवसांत खोलीही सोडून गेली. तिचा तो प्रश्न मात्र आमच्याकडेच राहिला, आणि मला नानांचा पहिल्यांदा राग आला. राग आणि भीती दोन्ही, कारण मला जर कुणी विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं?

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, नव्वदचं दशक संपत आलं असताना, राज्यशास्त्राच्या मॅडमनी मला एक जाहिरात दाखवली. मुंबईच्या एका संस्थेत गुन्हेगारी न्याय प्रशासनाचा एम.ए.चा अभ्यासक्रम. पोलीस, कोर्ट, तुरुंग कसे चालतात आणि कसे चालायला हवेत, हे शिकवणार. मॅडम म्हणाल्या, "तू चौकीशेजारी वाढलीस. तू नाही करायचं तर कुणी करायचं?" मी अर्ज मागवला. पोस्टाने आला, सहा पानांचा. शेवटच्या पानावर ओळी आखलेल्या होत्या आणि वर छापलं होतं: हा विषय आपण का निवडला, आपल्या शब्दांत लिहा. इंग्रजी, हिंदी, मराठी, काहीही चालेल. खाली अर्जदाराची सही, पालकाची सही.

रफ वहीत मी किती वेळा लिहिलं असेल! समाजसेवा, देशसेवा, स्त्रियांची सुरक्षितता. वाचलं की माझं मलाच दगडाला शेंदूर फासल्यासारखं वाटायचं. शेवटी एका दुपारी, आई नदीवर गेली असताना, मी थेट अर्जावरच लिहून काढलं. माझे वडील पंच आहेत. त्यांनी न वाचता सह्या केल्या. एकदा, ते जिथे नव्हते तिथे होते असं कोर्टात सांगितलं आणि एक माणूस तुरुंगात गेला. मी साक्षीदार आहे आणि मला कुणी विचारलं नाही. वडील वाईट नाहीत. मग हे कसं झालं, ते मला शिकायचं आहे. लिहिताना भीती वाटली नाही. नंतर वाटली.

कारण आता नानांची सही हवी होती.

मी काय केलं ते सांगते, आणि हे सांगायला मला त्या चौकीचं नाव सांगण्याहून जास्त लाज वाटते. मी शेवटचं पान दुमडलं. अगदी हवालदार दुमडायचा तसं, फक्त सहीची जागा दिसेल असं. भर लग्नसराईत, दुकानात कपड्यांचा ढीग पडलेला असताना गेले आणि म्हणाले, "नाना, इथं करा."

नानांनी इस्त्री तिवईवर ठेवली, बोट पुसलं, सही केली. आणि सहीखाली सवयीने लिहिलं, पंच क्र. १.

"नाना! अहो हे काय केलंत?"

त्यांनी जीभ चावली. "अगं, हात गेला गं. पुसू का?"

"पुसता येतंय का? शाई आहे ती! हा काय पंचनामा आहे?" मी इतकी ओरडले की समोरचा पानवाला बघायला लागला. दुसरा अर्ज मागवायला वेळ नव्हता. शेवटची तारीख तोंडावर आली होती. माझं डोकं फिरलं होतं आणि खरं सांगायचं तर बरंही वाटत होतं, की ते फक्त खालीच बघताहेत. बँक बंद व्हायच्या आत फीचा ड्राफ्ट आणायचा होता. मी अर्ज फायलीत घातला, फाईल फळीवर ठेवली आणि सायकल दामटली. नानांपाशी ठेवायची भीती वाटली नाही का? नाही. नाना कागद वाचत नाहीत, याएवढी पक्की गोष्ट मला जगात दुसरी माहीत नव्हती.

परत आले तर अर्ज पाकिटात घालून तयार. सगळी पानं सपाट, कोऱ्या नोटेसारखी.

"घडी पडली होती," नाना म्हणाले. "साहेब लोकांकडं जायचं, वाईट दिसतं. हलका हात फिरवला."

"सगळ्या पानांवर?"

"मग? एक पान करून कसं चालंल?" त्यांनी चिमट्याने कोळसे हलवले. माझ्याकडे पाहिलं नाही. पण काम करताना ते कुणाकडेच पाहायचे नाहीत. मी ड्राफ्ट आत सरकवला, पाकीट चिकटवलं, आणि नानाच म्हणाले, "आण, मी टाकतो. रजिस्टर करतो." सदऱ्याची बटणं लावून, टोपी घालून, स्वतः पोस्टात गेले.

पावती हातात आली आणि मी भानावर आले. अगं बाई, हे काय करून बसले मी! माझ्या बापाच्या गुन्ह्याची कबुली मी माझ्या अक्षरात लिहून, त्यांचीच सही घेऊन, त्यांच्याच हातांनी टपालात टाकायला लावली होती. मुंबईत ती कोण उघडणार? तिथे शिकवायला निवृत्त पोलीस अधिकारी असतात, असं मॅडमच म्हणाल्या होत्या. एखाद्याने उचलून ते पान नाशकाला पाठवलं तर? कॉलेजच्या लायब्ररीत जाऊन मी कायद्याचं पुस्तक काढलं. शपथेवर खोटा पुरावा देणं: सात वर्षांपर्यंत. ते कलम मी उभ्यानेच वाचलं आणि खाली बसले.

पुढचे दोन महिने पोस्टमनची सायकल वाजली की मी हातातलं काम टाकून दाराशी जायची. प्रवेशाचं पत्र यावं की येऊ नये, हेच कळेना. चौकीतून कुणी दुकानाकडे वळलं की मी आतल्या बाजूला सरकायची. आईला वाटलं, पोरगी मुंबईला जायचं म्हणून घाबरलीय. तिने माझ्यावरून मीठमोहऱ्या ओवाळल्या. हसायची सोय नव्हती आणि सांगायचीही नव्हती. नानांना सांगावं असं रोज वाटायचं. रोज संध्याकाळी ते दमून यायचे, पाय धुवायचे आणि मला विचारायचे, "आलं का गं पत्र?" आणि मी "नाही अजून" म्हणून आत जायची.

त्याच दिवसांत नानांनी एक नवीच टूम काढली होती. आईला दुकानात बोलावून इस्त्री शिकवायला लागले. ती सहा-सात किलोची इस्त्री, आणि आई एवढीशी. "घोटा असा ठेव. भार हातावर नाय, खांद्यावर घे." आई चिडायची. "वीस वर्षं काय झोपला होता? आता म्हातारपणी मला शिकवताय?" नाना म्हणायचे, "खांदा दुखतो गं माझा." मला तर त्यात काही विचार करण्यासारखंही वाटलं नाही. मी माझ्या भीतीत बुडालेली होते. भीती माणसाला किती आपमतलबी करते, ते तेव्हा कळलं नव्हतं.

मग एका दुपारी हवालदार आला. मी दुकानातच होते. म्हणाला, "चल रे, साहेबांनी बोलावलंय. आत्ताच्या आत्ता." नेहमीसारखा कागद त्याच्या हातात नव्हता. झालं, आलं ते पान! नानांनी इस्त्री ठेवली, माझ्याकडे एकदा नीट पाहिलं, आणि टोपी घालून गेले. सहीसाठी ते कधी टोपी घालायचे नाहीत. मी फळी घट्ट धरून उभी राहिले. देवाला काय काय बोलले ते देवच जाणे. भिंतीपलीकडून आवाज येतोय का, तेवढंच ऐकत होते. आला नाही. थोड्या वेळात नाना परत आले, टोपी खुंटीला लावली आणि कॉलरला इस्त्री करायला लागले.

"काय होतं नाना?"

"काय नाय. पंचनाम्याचंच होतं."

"केली सही?"

"चष्मा नव्हता बरोबर."

माझ्या जिवात जीव आला, इतकंच. चष्मा तर त्यांच्या खिशातच होता, हेही मी पाहिलं आणि सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी हवालदाराने मला रस्त्यात गाठलं. "काय गं शहाणे, बापाला काय शिकवलंस? म्हणतो, वाचल्याबिगर सही करणार नाय. आणि वाचायला दिला तर म्हणतो, मी तिथं नव्हतो. कधीपासून वाचायला लागला तो?" त्या आठवड्यापासून खाकी कपडे यायचे बंद झाले. आमची सगळ्यांची पाचावर धारण बसली. आई दोन दिवस नानांशी बोलली नाही. नाना म्हणाले, "असू दे. लोकांचे सदरे काय कमी हायेत का नाशकात?" मी समजले, म्हातारा हट्टाला पेटलाय. माझ्या अर्जाचा आणि याचा संबंध मी जोडलाच नाही. इतकी कशी मी आंधळी?

मुलाखतीचं पत्र आलं. नाना म्हणाले, मी येतो बरोबर. नाशिकरोडहून पहाटेची गाडी धरली. घोटी गेलं, इगतपुरी गेली, घाटात गाडी अंधाऱ्या बोगद्यांतून जायला लागली, आणि प्रत्येक बोगद्यात मला वाटे, आत्ता सांगावं, तोंड दिसत नाही तोवर. उजेड यायचा आणि राहून जायचं. नाना मांडीवर पिशवी घेऊन बसले होते. एक दिवसाच्या जाण्यायेण्याला एवढी पिशवी कशाला, असं मनात आलं. पण विचारलं नाही.

संस्थेच्या फाटकापाशी ते थांबले. मी आत गेले. खोलीत टेबलामागे तिघं होते, दोन स्त्रिया आणि बारीक केस कापलेले एक गृहस्थ. त्यांच्या पाठीचा कणा बघूनच कळलं, हे पोलिसांतले. बाई मराठी वर्तमानपत्रांबद्दल, तुरुंगांबद्दल विचारत होत्या, मी काहीबाही सांगत होते. माझा अर्ज त्या गृहस्थांपुढे होता, शेवटचं पान वर.

"हे तुम्ही लिहिलंत ते वडिलांना माहीत आहे?" त्यांनी विचारलं.

खोटं बोलायला एक क्षण पुरला असता. हो म्हणाले असते तर कोण तपासायला येणार होतं? पण मला एकदम ती बाई आठवली, दुकानापुढची. भाऊ, तुम्ही होता का तिथं?

"नाही सर," मी म्हणाले. "मी कागद दुमडून सही घेतली. त्यांनी वाचलं नाही. ते कधीच वाचत नाहीत." आणि मला रडू फुटलं, त्या अनोळखी तिघांसमोर, नाकातोंडातून. "सर, त्यांना काही करू नका. लिहिलंय मी, चूक माझी आहे."

त्यांनी कागद फिरवून माझ्याकडे सरकवला. खाली नानांची सही होती. तिच्याखाली ते हात गेलेलं पंच क्र. १. आणि त्याच्याखाली, अगदी समासाला चिकटून, मी कधीच न पाहिलेली एक ओळ होती, वेगळ्या शाईत, नानांच्या गोल, सावकाश अक्षरात:

मजकूर वाचून पाहिला. तो खरा व बरोबर आहे.

"नोकरीत हे वाक्य मी आयुष्यभर लिहून घेतलं," ते गृहस्थ म्हणाले. "कुणी आपणहून लिहिलेलं पहिल्यांदा बघतोय." मग त्यांनी चष्मा काढला आणि बाईंना म्हणाले, तुम्ही विचारा.

पुढे काय विचारलं, मी काय सांगितलं, मला आठवत नाही. त्या ओळीवर इस्त्री फिरली होती, शाई किंचित पसरली होती, एवढंच डोळ्यांपुढे होतं.

मला प्रवेश मिळाला आणि नानांना न्यायला कधीच कुणी आलं नाही, हे आत्ताच सांगून टाकते. पण त्या दिवशी फाटकाकडे चालत जाताना आम्हां दोघांनाही यातलं काही माहीत नव्हतं.

नाना उन्हातच उभे होते, टोपी घालून, पिशवी पोटाशी धरून. मला बघून पुढे आले.

"काय म्हणले?"

"विचारलं सगळं."

"घेतील का?"

"महिन्याने यादी लावणार आहेत नाना. माझं नाव असेल की नाही, आत्ता नाही सांगता येत."

"तुझं नाय गं विचारत," ते म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. "मला. मला घेतील का, आजच?"

मी पिशवीकडे पाहिलं. तिच्या तोंडातून इस्त्री केलेला सदरा दिसत होता, आणि पंचा, आणि दाढीचं सामान. दोन महिने ते रोज संध्याकाळी मला पत्र आलं का विचारत होते.

"तुझ्या आईला पँटीची घडी जमायला लागलीय," नाना म्हणाले. "सदऱ्यात जरा कच्ची हाय अजून. पण होईल तिचं."